संगणकाची हजेरी

आपल्याकडे गावोगाव आता संगणक आला आहे. तो ग्रामपंचायतीत आहे, शाळेत आहे, दूध संस्थेतही आहे. कोणी त्याला कॉम्प्युटर म्हणतात. नाव कोणतेही घ्या, तो अडला की गावाचे काम अडते.

समजा, दूध संस्थेत दहा दिवसांचे बिल काढायचे आहे. सचिवांनी बटण दाबले. दिवा लागला. पंखा फिरला. पण पडद्यावर नेहमीचे चित्र आले नाही. इंग्रजीत एक ओळ उमटली. तिचा अर्थ असा, की काम सुरू करायला डिस्क सापडत नाही.

सचिव घाबरले. "गेलं! दहा दिवसांचं दूध गेलं!" बाहेर ओट्यावर माणसे बसली आहेत. कोणाला पेंड घ्यायची आहे. कोणाला मुलीची फी भरायची आहे. सगळ्यांचे तोंड उतरले.

खरेच सगळे गेले काय? बहुधा नाही. कसे ते आपण पाहू.

हिशेब कोठे राहतो?

पडदा म्हणजे फक्त फळा. हिशेब त्यात नसतो. तो राहतो शेजारच्या खोक्यात, हार्ड डिस्कमध्ये. ही डिस्क म्हणजे संगणकाचे कोठार. धातूच्या चपट्या डबीत गुळगुळीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. नव्या तऱ्हेच्या काही डिस्कमध्ये फिरणारे काहीच नसते. त्या आवाज करीत नाहीत.

पहिली अशी डिस्क अमेरिकेत आयबीएम कंपनीने सन १९५६ मध्ये बाजारात आणली. तिच्यात ५० तबकड्या होत्या. एकेक तबकडी दोन फूट रुंद. सारे मिळून मावत ५० लाख अक्षरे. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये इंग्रजीची एक लाख कोटी अक्षरे राहतात. एवढे मोठे कोठार एका डबीत! म्हणूनच ते जपायचे.

हजेरी कशी होते?

शाळा भरली की गुरुजी हजेरी घेतात. संगणकही सुरू होताना तसेच करतो. "कळफलक?" हजर. "डिस्क?" उत्तर नाही.

आता मुलगा हजेरीला नाही, म्हणून तो दगावला असे आपण म्हणतो काय? तो वाटेत अडकला असेल. त्याला हाक ऐकू गेली नसेल. डिस्कचेही तसेच आहे. कोठार शाबूत असते, वाट तुटलेली असते.

बाहेरून आत जावे

दुखणे शोधताना सोपे आधी, अवघड मागून.

१. खोक्याला कोणाचा पेनड्राइव्ह लावलेला राहिला आहे काय? तो काढा. संगणक पुन्हा सुरू करा. कधी कधी यंत्र हार्ड डिस्क सोडून त्या पेनड्राइव्हमध्येच शोधत बसते.

२. हजेरीपट पाहा. यंत्र सुरू होताच एफ-२ किंवा डिलीट ही कळ पुन्हा पुन्हा दाबावी. काही यंत्रांत कळ वेगळी असते. मग जे पान उघडते त्याला बायोस म्हणतात. तेथे डिस्कचे नाव आहे काय ते बघा. बघाच फक्त, काही बदलू नका. नाव असले तर वाट बरी आहे, बिघाड दुसरा आहे. जाणकाराला बोलवा.

३. त्याच पानावर तारीख पाहा. भलतेच जुने साल दिसले तर आतली बिल्ल्याएवढी बॅटरी संपली असेल. ती संपली की यंत्र आपल्या नेमणुका विसरते. बॅटरी थोड्या पैशांत मिळते.

४. नाव नसेल तर तारा पाहाव्या. हमीची मुदत बाकी असेल तर खोके उघडू नका, दुकानदाराला कळवा. नसेल तर आधी बटण बंद करा. भिंतीतली पिन काढून घ्या. मग खोक्याची कड उघडा. आत हात घालण्यापूर्वी खोक्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा. अंगातली वीज त्यात उतरते.

डिस्कला बहुधा दोन तारा असतात. रुंद तोंडाची तार वीज आणते. अरुंद तोंडाची तार निरोप नेते-आणते. यंत्र हलवले, उंदीर शिरला, धूळ साचली, की तार सैल होते. दोन्ही तारा काढून पुन्हा नीट बसवा. त्या उलट्या बसत नाहीत, म्हणून जोर करू नका. निरोपाची तार दुसऱ्या टोकालाही बसवा. तरी जमले नाही तर नवी तार लावून पाहा. ज्या पेटीतून वीज येते, ती पेटी मात्र कधीही उघडू नये. पिन काढली तरी तिच्यात वीज साठून राहते.

येथे थांबा

डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येत असेल तर यंत्र लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. आतली सुई बिघडली असेल, तर प्रत्येक फेऱ्याला तबकडी खरवडत जाते. डिस्कची डबीही उघडू नका. धुळीचा एक कण तिला पुरे होतो.

दुरुस्ती करणारा म्हणेल, "फॉरमॅट मारतो, लगेच चालू होईल." फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. यंत्र चालू होईल, पण कोणाचे किती लिटर दूध ते कोण सांगणार? त्याला स्पष्ट सांगा, "आधी आतला हिशेब काढून द्या." नवी डिस्क बसवली तरी जुनी परत मागून घ्या. ती संस्थेची आहे.

दुसरी कणगी

शहाणा शेतकरी सगळे बियाणे एकाच कणगीत ठेवत नाही. हिशेबाचेही तसेच करावे. रोज संध्याकाळी एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. ती यंत्राला लावून ठेवू नये. आणखी एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी. मग डिस्क खरोखरच गेली तरी जाईल ती डबी. लोकांचा पैसा जाणार नाही. आणि सचिवांना हे विचारायचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे, "काल प्रत घेतली का?"

लक्षात ठेवा

डिस्क दिसत नाही, म्हणजे हिशेब गेला असे नाही.
आधी पिन काढा, मग खोके उघडा.
विचारल्याशिवाय पाटी पुसू देऊ नका.

सांगा पाहू

१. संगणक हजेरी केव्हा घेतो?
२. डिस्कच्या दोन तारा कोणती कामे करतात?
३. टक्-टक् आवाज आला तर काय करावे?
४. आपल्या संस्थेच्या हिशेबाची दुसरी प्रत कोठे आहे? विचारून या.