पोटखराब्याचे फोटो

सातबाऱ्यावर ज्या जमिनीपुढे ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला अयोग्य, असं लिहिलेलं असतं, तिचे फोटो मी काढते. रत्नागिरीजवळच्या आमच्या मिरजोळ्यात एका अंगाला एमआयडीसीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला विमानतळ, उताराला आंब्याची कलमं आणि खाली भाताचे मळे. या सगळ्यातून जो उघडा कातळ उरला, तो आमचा सडा. रत्नागिरीत उतरलेला पाहुणा गणपतीपुळ्याला जातो, आरे-वारेला जातो. सड्यावर कुणी गाडी थांबवत नाही. मला मात्र कॅमेरा धरायला या कातळानंच शिकवलं. ज्यांना आपल्या घराभोवतीचा निसर्ग टिपायची हौस आहे, त्यांच्यासाठी हे आठ अनुभव.

१. जागा एकच धरा आणि वर्षभर तिथेच जा.

मे महिन्यात सडा करपलेला दिसतो. मिरगाचे पहिले चांगले पाऊस झाले की त्याच कातळाच्या भेगांतून दीपकाडीचे दांडे वर येतात, त्यांवर पांढरीशुभ्र फुलं. ही वनस्पती कोकणाबाहेर जवळपास नाहीच. तिच्या शास्त्रीय नावातसुद्धा कोकण आहे. जून-जुलैतले काही आठवडे ती फुलते, आणि तेवढ्यात गेलात तर भेट, नाहीतर पुढच्या मिरगाला. मग श्रावण-भाद्रपदात पाणी साचलेल्या उथळ खळग्यांभोवती गेंदाची पांढरी बोंडं, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं आणि पानांवर चिकट थेंब घेऊन बसलेला दवबिंदू. गौरी येतात तेव्हा तेरडा, पिवळा कवला. दसऱ्यापर्यंत गवत सोनेरी होतं आणि दिवाळीनंतर सडा पुन्हा उघडा.

हे सगळं इतक्या घाईत का घडतं, ते कळलं की फोटो बदलतात. सड्याच्या जांभ्या दगडावर माती जेमतेम बोटभर, काही ठिकाणी तीही नाही. पाऊस आहे तोवरच पाणी. म्हणून उगवणं, फुलणं, बी धरणं, सगळं तीन-चार महिन्यांत उरकावं लागतं. मातीत नत्र कमी, म्हणून सीतेची आसवं पाण्यातल्या आपल्या इवल्या पिशव्यांत बारीक जीव पकडतात आणि दवबिंदू चिकट पानांवर किडे धरतो. हे माहीत असेल तर तुम्ही नुसत्या फुलाचा फोटो काढून उठणार नाही. पानावर अडकलेलं चिलट शोधाल, फुलाखालचं पाणी चौकटीत घ्याल, ते फूल ज्या बोटभर मातीवर उभं आहे ती माती दाखवाल. तोच फोटो खरा बोलतो. दहा गावं फिरून दहा फुलं टिपणाऱ्यापेक्षा एकाच कातळाचं वर्ष टिपणाऱ्याकडे सांगण्यासारखं जास्त असतं, असं माझं ठाम मत आहे.

२. पोटावर झोपा, पण आधी नीट बघून.

सड्यावरची बहुतेक फुलं वीतभरसुद्धा उंच नसतात. उभं राहून काढलेल्या फोटोत ती जमिनीवर सांडलेल्या ठिपक्यांसारखी दिसतात. फुलाच्या उंचीवर भिंग आणलं की मागे आभाळ येतं, लांबचे माड येतात, फूल एकदम ऐटीत उभं राहतं. आषाढात वारा थांबत नाही. शटरचा वेग सेकंदाच्या अडीचशेव्या भागाच्या खाली नेऊ नका आणि दोन झोतांच्या मधली उसंत पकडा.

झोपण्याआधी मात्र दगड, गवताचे झुबके, कातळातल्या भेगा काठीनं तपासा. फुरसं आमच्या जिल्ह्यात पूर्वीपासून आहे आणि त्याला हाच दगडाळ माळ आवडतो. रंग जांभ्यात मिसळून जातो. अंगावरचे खवले घासून ते खरखर आवाज करतं, तेवढाच इशारा. पायात बूट हवेतच. दुसरं, पाय कुठे ठेवता ते बघा. उघड्या कातळावरून चाला, ओल्या हिरव्या पट्ट्यातून नाही. एका पावलाखाली कितीतरी रोपं जातात आणि त्यांचं त्या वर्षाचं बी जातं.

३. दुपारचं ऊन फुलाला चालत नाही, कातळाला तर नाहीच.

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य आमच्या बरोबर डोक्यावर येतो आणि भर दुपारी सावली पायाखाली जाते. सावली नाही म्हणजे खोली नाही. हे सगळ्यात स्पष्ट कळतं ते सड्यावर खोदलेल्या जुन्या आकृतींवर, कातळशिल्पांवर. उक्षीचा हत्ती किंवा जांभरुणची चित्रं दुपारी बघा, रेषा शोधाव्या लागतात. सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना बघा, तिरप्या उजेडात प्रत्येक खोदरेषेला सावली धरते आणि अख्खी आकृती उठून दिसते. या दोन्ही जागा २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेलेल्या कोकणातल्या कातळशिल्पांमध्ये आहेत. शिल्पावर पाणी ओतून किंवा खडूनं रेषा गिरवून फोटो काढणारे भेटतात. तसं करू नका. सूर्य रोज ते काम फुकट करतो.

पावसाळी ढगाळ दिवसाला लोक नाराज होतात. ओल्या पानांसाठी त्याहून चांगला उजेड नाही. पोलरायझर लावलात तर पानांवरची चकाकी जाते, हिरवा गडद होतो आणि भिजलेला जांभा खराखुरा तांबडा दिसतो.

४. समुद्रावर जाण्याआधी पंचांग बघा.

सड्यावरून उतरलं की भाट्ये, मांडवी फार लांब नाही. भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आमच्या किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. थोडा मागेपुढे फरक धरावा लागतो, पण फोटोसाठी हिशेब पुरतो.

याचा अर्थ असा की पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण ओहोटी आणि सूर्यास्त जवळजवळ एकाच वेळी येतात. ते उधाणाचे दिवस, त्यामुळे ओहोटीही खूप खोल जाते. ओली वाळू लांबवर उघडी पडते, तिच्यात आभाळ उतरतं, लाटांनी पाडलेल्या वळ्या दिसतात, इवल्या खेकड्यांनी बिळांभोवती मांडलेल्या वाळूच्या गोळ्या दिसतात. खडकांवर कालवं काढणाऱ्या बायका असतात. अष्टमीच्या संध्याकाळी त्याच जागी फक्त पाणी.

५. काळी वाळू काळीच दिसू द्या.

मांडवीच्या वाळूत इल्मेनाइटसारखी जड खनिजं आहेत, म्हणून ती काळी. कॅमेरा मात्र प्रत्येक दृश्य मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतो आणि ही वाळू राखाडी करून टाकतो. एक्स्पोजर एक पायरी खाली आणा. फेसाचा पांढरा रंगही वाचतो. लावणीच्या मळ्यातल्या गायबगळ्याचंही तसंच. हिरव्या चौकटीत बगळा छोटा असेल तर त्याची पिसं जळून कोरी होतात, तेव्हाही एक्स्पोजर उतरवा.

६. बुरशी. एवढ्या पावसाच्या गावात भिंगाचा खरा शत्रू हाच. कपाटातली चामड्याची पिशवी पावसाळ्यात वापरू नका. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि कॅमेरा दर दोन-तीन दिवसांनी बाहेर काढून उजेडात हाताळणं. न वापरलेलं भिंग आधी बिघडतं. समुद्रावरून आल्यावर किंचित ओलसर फडक्यानं खार पुसा, मग कोरड्यानं.

७. रोज तिथून जाणाऱ्यांना विचारा.

टाकळा, फोडशी, भारंगी खुडायला जाणाऱ्या बायका आणि गुरं घेऊन फिरणारी माणसं यांना सडा इंचाइंचानं माहीत असतो. कुठली तळी आधी भरते, टिटवीनं यंदा अंडी कुठे घातली, सगळं. आमच्या वाडीतल्या एका आजींना मी दीपकाडीचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा सारखा करून निरखला आणि म्हणाल्या, “ही व्हय? ही त आमच्या वाटंवरच असते.” त्या वाटेवर मी दुसऱ्या दिवशी गेले, आणि होती. टिटवीच्या अंड्यांचा ठावठिकाणा मात्र ऐकून मनात ठेवा. घरट्याजवळ फोटो काढत बसलात तर पक्षी उन्हात अंडी सोडून उठतो. आणखी एक सांभाळायचं: सड्याशेजारचं विमानतळ तटरक्षक दलाकडे आहे. त्या बाजूला कॅमेरा रोखू नका आणि ड्रोन तर आणूच नका.

८. प्रत्येक फोटोला तारीख, जागा आणि नाव द्या.

हे मी सगळ्यात कळकळीनं सांगते. सडा कमी होतो आहे. कुठे चिरेखाण लागते, कुठे कातळ फोडून, माती आणून कलमं लावली जातात, कुठे प्लॉट पडतात. घर बांधायला चिरा लागतो, कलमांवर घरं चालतात, हे मला कळतं; माझंही घर चिऱ्याचंच आहे. पण निर्णय घेताना ‘तिथे काय आहे, नुसता कातळ’ हे वाक्य बोललं जातं, आणि त्याला उत्तर द्यायला कागद लागतो.

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावात जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. तिच्यात झाडांची, प्राण्यांची, त्यांच्या स्थानिक नावांची आणि वापराची नोंद होते. आपल्या गावची नोंदवही ग्रामपंचायतीत मागून वाचा. ओळख पटत नसेल तर श्रीकांत इंगळहळीकरांची सह्याद्रीच्या फुलांवरची पुस्तकं हाताशी ठेवा, किंवा आयनॅचरलिस्टवर फोटो चढवा. जाणकार नाव सांगतात. मी प्रत्येक फोटोच्या मागे तारीख, नक्षत्र, वाडी आणि आजींनी सांगितलेलं नाव लिहिते. यंदा मृगापासून हस्तापर्यंतचे फोटो क्रमानं लावून शाळेतल्या मुलांना दाखवायचे आहेत, आणि त्यांतले निवडक नोंदवहीसाठी समितीकडे द्यायचे आहेत.