हाडांची वाढ डोळ्यांस कशी दिसते?

वासराचें हाड आंतून कसें वाढतें, हें पाहण्याच्या युक्त्या आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

इंग्लंडांत हेल्स यानें कोंबडीच्या पिलाच्या हाडास दोन बारीक भोकें पाडिलीं. हाड लांबलें, पण भोकांमधील अंतर तेंच राहिलें. हा प्रयोग १७२७ सालीं प्रसिद्ध झाला. यावरून लांबी टोंकांशीं वाढते हें ठरलें.

पुढें १७३६ सालीं लंडनचा शल्यवैद्य बेल्चियर एका कापड छापणाराकडे जेवावयास गेला असतां, मंजिष्ठेच्या जातीच्या रंगानें माखलेला कोंडा खाल्लेल्या डुकराचीं हाडें तांबडीं झालेलीं त्यास दिसलीं. फ्रान्सांतील कृषिपंडित दुहामेल यानें तोच रंग कांहीं दिवस चारून कांहीं दिवस बंद केला. तेव्हां हाडांत तांबडे व पांढरे थर आढळले.

आज प्रयोगशाळेंत त्याऐवजीं टेट्रासायक्लीन हें औषध ठराविक अंतरानें दोनदां देतात. तें नव्या हाडांतील चुन्यास चिकटतें व अतिनील प्रकाशांत पिवळ्या रेषांनीं चमकतें. दोन रेषांमधील अंतरास मधल्या दिवसांनीं भागिलें म्हणजे रोजची वाढ निघते.

राँटगेन यांनीं १८९५ सालीं शोधिलेल्या क्ष-किरणांनीं हाड न कापतां दिसतें. तथापि सुमारें तिसरा हिस्सा क्षार गेल्यावांचून साध्या चित्रांत झीज स्पष्ट उमटत नाहीं. यास्तव वासरूं लंगडण्याची वाट न पाहतां, वाढत्या वयांतच त्यास पुरेसें दूध, चांगली वैरण व क्षारमिश्रण द्यावें. हाडांचीं टोंकें एकदां सांधलीं म्हणजे गेलेली वाढ कोणत्याही खुराकानें परत येत नाहीं.