रिबन आणि मोजपट्टी

प्रश्न : कचेरीतून निवृत्त झाल्यावर मी वर्ड शिकत आहे. पडद्यावरील सारी बटणे एकाएकी नाहीशी होऊन वर केवळ नावे उरली आहेत. काय करावे?

उत्तर : आपण चिंता करू नये, २००७ च्या आवृत्तीपासून जुन्या मेनूंच्या जागी रिबन नावाची जी रुंद पट्टी आली, ती ‘होम’, ‘इन्सर्ट’ अशा एखाद्या नावावर माउसने डबल-क्लिक होताच मिटते, आणि तसेच पुन्हा केल्याने, किंवा कंट्रोल व एफ-१ या कळा एकत्र दाबल्याने, पूर्ववत उघडते. शीर्षस्थानी दस्तऐवजाचे नाव आणि तळाशी पृष्ठक्रमांक व शब्दसंख्या असते, एवढे ध्यानी असले म्हणजे पुरे.

माझा खरा आग्रह आहे तो मोजपट्टीविषयी. अर्ज वा अहवाल लिहिणारे पुष्कळ जण परिच्छेदाचा आरंभ आत घेण्यासाठी स्पेसबार वारंवार दाबतात, आणि अक्षरांचे वळण बदलताच ती सारी मांडणी बिघडते. त्याऐवजी रिबनवरील ‘व्ह्यू’मध्ये जाऊन रूलर, म्हणजे ही मोजपट्टी, दृश्यमान करावी व तिच्या डाव्या टोकाचा वरचा त्रिकोण उजवीकडे ओढावा, म्हणजे निवडलेल्या प्रत्येक परिच्छेदाची फक्त पहिली ओळ, आणि तीही सर्वत्र समप्रमाणात, आत सरकते.