सी.टी. स्कॅनला जाताना : सांगायचे ते आधी सांगा



उसाच्या बिलाची चौकशी करायला आलेला सभासद पिशवीतून हळूच दवाखान्याचा कागद काढतो आणि विचारतो, ‘डॉक्टरांनी सी.टी. लिहून दिलाय. नाशिकला जायचंय. काय करतात हो त्यात?’ असे अलीकडे वरचेवर घडते. आम्ही डॉक्टर नव्हे. पण घरच्या माणसांना घेऊन आम्हीही या तपासणीला जाऊन आलो आहोत आणि जाणकारांना विचारून खात्री करून घेतली आहे. त्यातून जे कळले ते येथे सांगतो.

आधी एक घडलेली हकिगत. आमचे एक सभासद, वय साठीच्या पुढे. पोटदुखीसाठी डाय देऊन सी.टी. करायचा ठरला. सिस्टरने विचारले, ‘बाबा, कुठल्या गोळ्या चालू आहेत का?’ बाबा म्हणाले, ‘छे, काही नाही.’ सून शेजारीच होती. तिने पिशवीतले पुडके काढून पुढे ठेवले. साखरेच्या गोळ्या, रक्तदाबाची गोळी आणि गुडघ्यासाठी दोन वर्षे दुकानातून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या! डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला पाठवले. क्रिएटिनीन बरेच वाढलेले निघाले, म्हणजे मूत्रपिंडे थकलेली. मग डाय न देताच स्कॅन केला आणि हवे ते उत्तर त्यातूनच मिळाले. परत येताना सून म्हणाली, ‘आबा, असं का सांगितलं?’ आबा म्हणाले, ‘अगं, रानात तोड चालू आहे. तपासणी रद्द केली असती तर पुन्हा खेप पडली असती.’

एक खेप वाचवायला आबांनी मूत्रपिंडे पणाला लावली होती. म्हणून हा लेख.

सी.टी. म्हणजे काय?

ऊस वरून हिरवागार दिसतो, पण आत लाल कूज आहे की नाही हे कांडे कापल्याशिवाय कळत नाही. सी.टी. यंत्र माणसाला न कापता आतले दाखवते. क्ष-किरणांची नळी माणसाभोवती गोल फिरते, शरीरातून पार किती किरण आले ते मोजले जाते आणि संगणक त्यावरून शरीराच्या आडव्या चकत्यांची चित्रे तयार करतो.

हे यंत्र बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे इंग्लंडमधल्या शेतावर वाढलेले, लहानपणी शेतावरच्या यंत्रांत रमणारे. प्रयोगशाळेत त्यांच्या पहिल्या चित्राची मापे घ्यायला नऊ दिवस लागले होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. १९७९ साली त्यांना व अ‍ॅलन कॉरमॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज तेच काम काही सेकंदांत होते.

रसाचा ब्रिक्स जसा आकड्यात सांगतात, तशी शरीरातल्या प्रत्येक भागाची घनता या यंत्रात आकड्यात मिळते. पाणी शून्य, हवा उणे एक हजार, चरबी साधारण उणे शंभर, हाड कित्येक शेकडे. ताजे रक्त मेंदूपेक्षा घन, म्हणून चित्रात पांढरे दिसते. याचा उपयोग पुढे येतोच.

तातडीच्या वेळी तयारी नाही, घाई करा

हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीचे अपघात होतात. डोक्याला मार लागून माणूस बेशुद्ध पडला, उलट्या झाल्या, तर पोट रिकामे आहे का हे बघत बसू नये. डोक्याचा पहिला स्कॅन बहुधा डायशिवायच करतात.

पक्षाघाताचेही तसेच. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर १०८ ला फोन करावा. मेंदूत गुठळी अडकली की रक्तस्राव झाला, हे बाहेरून ओळखता येत नाही, सी.टी.त दिसते. दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन रक्तस्राव असताना दिले तर जीव जाईल. आणि गुठळी असली तर ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तेव्हा तेल चोळण्यात, देवर्षी बघण्यात वेळ दवडू नका. रोगी शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

ठरवून करायच्या तपासणीची तयारी

१) डॉक्टरांना विचारा : ‘कशासाठी? डाय देऊन की डायशिवाय?’ मुतखड्यासाठी सहसा डाय लागत नाही. गाठ, सूज किंवा रक्तवाहिन्या बघायच्या तर लागतो. खर्चात फरक पडतो, म्हणून दर आधी विचारावा. त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी.

२) डाय द्यायचा असेल तर क्रिएटिनीनचा अलीकडचा रिपोर्ट जवळ ठेवा.

३) बहुतेक ठिकाणी चार तास काही खाऊ नका म्हणून सांगतात. सीबीएसवर उतरून मिसळ खाल्ली आणि नंबर पुढे गेला, असे झालेले आम्ही पाहिले आहे. ‘चहाच तर घेतला’ हेही सांगून टाकावे. पाणी मात्र मनाने बंद करू नये. कोरड्या शरीरात डाय मूत्रपिंडांना जड जातो. पाणी किती चालेल ते केंद्रात विचारा.

४) चालू गोळ्यांचे पुडके घेऊन जा. रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. साखरेच्या मेटफॉर्मिन गोळीबद्दल विचारा. मूत्रपिंडे अशक्त असतील तर ती गोळी डायच्या वेळेपासून दोन दिवस थांबवून, रक्त पुन्हा तपासून मग सुरू करतात. इन्शुलिन घेऊन उपाशी राहणे धोक्याचे, म्हणून त्याचा डोस आधीच विचारून घ्या.

५) पुढील गोष्टी न विचारता सांगा : पूर्वी डायचा त्रास झाला होता का, दमा, मधुमेह, थायरॉइड, मूत्रपिंडाचा विकार, झाडपाल्याचे औषध. लेकीसुनांनी दिवस गेले असल्याची शंका असली तरी सांगावे. तेथे लाजू नये.

६) जुने एक्स-रे, सोनोग्राफी, स्कॅन घरी ठेवू नका. गाठ वाढली की तेवढीच आहे, हे जुन्याशी ताडून बघूनच कळते.

टेबलावर

तपासायच्या भागावरचे धातू काढायला सांगतात. मंगळसूत्र, डूल, चांदीचा करदोडा, खिशातली चुन्याची डबी. धातूमुळे चित्रावर रेघा उठतात, एवढेच. दागिने घरीच ठेवून जावे हे बरे. यंत्र म्हणजे एक मोठे कडे आहे, लांब बोगदा नव्हे. तो एम.आर.आय.चा. टेबल आत-बाहेर सरकते, घरघर होते, दुखत काही नाही. ‘श्वास घ्या, रोखून धरा’ अशी सूचना येते. काही ठिकाणी ती हिंदीत किंवा इंग्रजीत असते. घरीच दहा-पंधरा सेकंद श्वास धरायचा सराव करावा. हललात तर चित्र पुसट येते.

डाय शिरेतून गेला की अंगभर ऊब पसरते, तोंडाला धातूची चव येते, लघवी झाल्यासारखे वाटते. झालेली नसते, घाबरू नये. पण खाज सुटली, घसा आवळला, दम लागला किंवा सुईची जागा फुगून दुखू लागली तर लगेच ओरडून सांगा. कोणी पलीकडून बघत असते.

नंतर

अर्धा तास तेथेच थांबा. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातले नसेल तर दिवसभर पाणी प्या. घरी आल्यावर पुरळ उठले किंवा लघवी कमी झाली तर डॉक्टरांकडे जा.

किरण अंगात राहत नाहीत. पण मात्रा मोठी असते हे खरे. छातीच्या साध्या एक्स-रेला सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट, डोक्याच्या सी.टी.ला सुमारे २, पोटाच्या सी.टी.ला ८ ते १०. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला दोन-तीन मिलिसिव्हर्ट मिळतात. गरज असेल तेव्हा ही तपासणी टाळू नये आणि गरज नसताना हौसेने करू नये. २०२०-२१ च्या कोरोनात गावोगाव ‘तुमचा स्कोअर पंचविसांत किती?’ असे विचारत माणसे धास्तावली होती, ते आठवा. आकडा डॉक्टरांनी रोग्याला तपासून वाचायचा असतो.

मंडळी, काट्यावर ट्रॉली चढवताना वजनात फसवणूक नको म्हणून आपण डोळ्यांत तेल घालून उभे राहतो. तेवढीच दक्षता आपल्या शरीराबद्दल असावी. टेबलावर झोपण्यापूर्वी कोणी विचारले, ‘काही गोळ्या चालू आहेत का?’ तर आबांसारखे ‘छे’ म्हणू नका. पुडके उघडून दाखवा. खेप पुन्हा मारता येते.