क्षमा आणि दंड

जुन्या अपराधाला दंडावाचून क्षमा होऊ शकते काय? गीतेच्या दहाव्या अध्यायात, चौतिसाव्या श्लोकात, भगवंतांनी क्षमेला आपली विभूती म्हटले आहे. अडतिसाव्यात, शासन करणाऱ्यांचा दंडही मीच, असे सांगितले आहे. दोन्ही विभूतीच, परंतु अधिकारी भिन्न. वैर सोडणे हा सोसणाऱ्याचा धर्म, दंड हा राज्याचा.

दिल्लीच्या करोल बागेचे उदाहरण घ्यावे. १९४७ च्या सप्टेंबरातील दंगलीत तेथील अनेक मुसलमान मारले गेले, पुष्कळांनी घरेदारे सोडली. पश्चिम पंजाबातून सर्वस्व गमावून आलेले निर्वासित तेथे वसले. जखम दोन्हीकडे होती. १३ जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींनी उपोषण आरंभिले. १८ तारखेस निरनिराळ्या समाजांच्या प्रतिनिधींनी प्रतिज्ञा केली की, करोल बाग, पहाडगंज, सब्जीमंडी येथे मुसलमानांना पूर्ववत वावरता येईल, ताब्यात घेतलेल्या मशिदी परत होतील. आणि हे पोलीस वा लष्कराच्या बळाने नव्हे, स्वप्रयत्नाने घडेल. तीत सूडाची भाषा नव्हती. हिरावलेले परत करण्याचे बंधन मात्र होते.

तथापि मृताच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार कोणासही नाही. तेथे न्याय राज्यानेच करावा. क्षमा म्हणजे विस्मरणही नव्हे. चौतिसाव्या श्लोकात तिच्यासोबत स्मृतीही आहे. नवव्या अध्यायातील तिसावा श्लोक दुराचाऱ्यालाही साधू मानावयास सांगतो, तो त्याचा निश्चय योग्य झाला म्हणून. असा निश्चय परत केलेल्या वस्तूवरून ओळखावा. म्हणून गृहस्थाने दुसऱ्याचा अपराध मोजण्यापूर्वी, आपल्या घरात परक्याचे काय राहिले आहे, ते पाहावे.