बाल्कनीतली फुलराणी

अगं, परवा ‘ती फुलराणी’ नाटकाचा विषय निघाल्यावर तू म्हणालीस, "ताई, पाचशेचं तिकीट म्हणजे माझी एका दिवसाची हजेरी." तेव्हा मी गप्प बसले. पण ते मनातून जाईना.

‘ती फुलराणी’ मुळात आयरिश माणसाचं नाटक आहे. बर्नार्ड शॉ १८५६ साली डब्लिनमध्ये जन्मला. त्याचं ‘पिग्मॅलियन’ पु.लं.नी मराठीत आणलं, १९७५ साली भक्ती बर्वेंची फुलवाली मंजुळा उभी राहिली आणि पुढे अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनीही ती केली. मूळ नाटकाचा पडदा उघडतो तेव्हा लंडनमध्ये रात्री धो-धो पाऊस पडत असतो. खेळ सुटलेला, बडी माणसं गाडी शोधताहेत आणि चर्चच्या ओसरीत एक पोरगी त्यांना फुलं विकतेय. तिचा धंदा नाटकगृहांच्या दाराशी, आतली खुर्ची तिच्या ऐपतीबाहेरची. तिचीच गोष्ट आपण पैशांपायी बघायची नाही, हे मला पटत नाही गं.

म्हणून पुढची रांग सोड. आपल्या नाशिकच्या कालिदास नाट्यगृहात प्रयोग लागला की बाल्कनीचं तिकीट घे, तेही खिडकीवर जाऊन. पाचशेपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नसतो. मोबाइलवर काढताना जो वरचा आकार द्यावा लागतो, तो खिडकीवर वाचतो. बाल्कनीत बसण्यात कमीपणा मानू नकोस. फुलराणी कानांनी बघायचं नाटक आहे, आणि मंजुळेचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा लागतोच.

मीही ते पहिल्यांदा बाल्कनीतूनच पाहिलं. तेव्हा सातपूरला नवीन होते. घरात अहिराणी, कंपनीत तोंड उघडलं की हशा. मी जेवणाच्या सुट्टीतही बोलणं टाळायचे. त्या रात्री मंजुळा तिला ‘शुद्ध’ बोलायला शिकवणाऱ्या प्रोफेसरवर उसळली आणि मी अंधारात ओढणीने डोळे पुसत राहिले. तुझ्या सुपरवायझरसमोर तू अलीकडे किती तोलून-मापून बोलतेस, ते मला दिसतं. तुला तिथे न्यायचंच आहे, ते एवढ्यासाठी.

शॉचंही ऐक. विशीत तो लंडनला आला, कमाई जवळजवळ नाही. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात फुकट बसून शिकला. जाताना मृत्युपत्रात त्याने त्या वाचनालयाचे उपकार फेडले: मिळकतीचा एक वाटा त्या म्युझियमला, एक डब्लिनच्या राष्ट्रीय कलादालनाला, एक नाट्यशाळेला. ‘पिग्मॅलियन’वर बेतलेली ‘माय फेअर लेडी’ गाजली तेव्हा तिचा पैसाही तिकडेच गेला.

प्रयोग लागेपर्यंत सार्वजनिक वाचनालयात जाऊन ‘ती फुलराणी’चं पुस्तक वाच. तिथेच कुसुमाग्रजांचं, म्हणजे आपल्या तात्यांचं, ‘दूरचे दिवे’ हे नाटक शोध. तेही एका डब्लिनकराच्या, ऑस्कर वाइल्डच्या नाटकावरून घेतलेलं, १९४६ सालचं. आपल्या नाशिकच्या तात्यांनी केलेलं आहे, वाचायलाच हवं. आणि साईखेडकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धा लागली की चहा-वड्याच्या पैशात नाटक होतं, तेही विसरू नकोस.

तारीख कळली की मला आधी सांग, म्हणजे मी शिफ्ट बदलून घेते. सिटीलिंक बसने शालिमारला जाऊ. परतीला बस चुकली तर रिक्षा करू. शेजारच्या दोघींनाही विचार, चौघींत भाडं जड जाणार नाही.