जंताचं औषध देण्याआधी ऐकून घे

पोरी, थोरली सात वर्षांची, धाकटा दीडचा आणि मेडिकलमधून आणलेली बाटली एकच, म्हणून घाईनं झाकण उघडू नकोस. आल्बेंडाझोल औषध गुणाचं आहे, स्वस्त आहे. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला आपल्या देशातल्या शाळा-अंगणवाड्यांतून कोट्यवधी लेकरांनी ते घेतलंय, आणि माझ्या अंगणवाडीतल्या कितीतरी पोरांना मी ते समोर बसवून चावायला लावलंय. त्याला भ्यायचं काहीच कारण नाही. पण इतकं साधं औषध आहे म्हणूनच घरोघरी ते वय न पाहता, माप न बघता, आधी कुणी दिलंय का हे न विचारता दिलं जातं, आणि घोळ तिथंच होतो. तेव्हा सांगते ते सावकाश वाच. पोळ्या आटोपल्यावर वाचलंस तरी चालेल, पण बाटली उघडायच्या आधी वाच.

१. मेडिकलमध्ये गेलीस की औषधाचं नाव सांगण्याआधी लेकराचं वय सांग — एक वर्षाच्या आतल्या बाळाला हे औषध घरी द्यायचंच नसतं, आणि दुकानदाराला तुझ्या घरी कोण आहे ते कसं कळणार?

२. एक ते दोन वर्षांच्या लेकराला अर्धी गोळी, म्हणजे २०० मिलिग्रॅम. दोन वर्षांपुढच्याला ४०० ची एक पूर्ण गोळी, तीही एकदाच. धाकटा अंगानं भरलेला आहे म्हणून त्याची वाढवू नकोस आणि थोरली किडकिडीत आहे म्हणून तिची तोडू नकोस — शाळा-अंगणवाडीत ही मात्रा वयावर ठरते, अंगकाठीवर नाही.

३. पातळ औषधाच्या १० मिलीच्या बाटलीत बहुतेक वेळा ४०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे धाकट्याला ५ मिली. तरी लेबल वाचून खात्री कर आणि बाटलीसोबतच्या मापाच्या झाकणानंच मोज — घराघरातला चमचा वेगळा, आणि अंदाजाचं माप, पोराला ताप.

४. ओतण्याआधी बाटली चांगली हलव — औषध खाली बसतं. पहिल्याला नुसतं गोड पाणी जातं आणि शेवटच्याला सगळा गाळ.

५. लेबलवर आल्बेंडाझोलबरोबर आयव्हरमेक्टिन असं लिहिलेलं दिसलं, तर ती बाटली धाकट्यासाठी परत कर. दोन औषधं एकत्र केलेल्या गोळ्या-बाटल्या दुकानात सर्रास मिळतात — पण १५ किलोच्या आतल्या लेकराला आयव्हरमेक्टिन डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय द्यायचं नाही.

६. पट्टीतून एकच गोळी कापून घेतलीस तर मुदतीची तारीख ज्या तुकड्यावर आहे तो मागून घे, आणि औषध उंचावर ठेव — रंगीत, गोड वासाची गोळी लेकराला चॉकलेटच वाटते.

७. गोठ्यातल्या शेळ्या-गाईंचं जंताचं औषध घरातल्या फळीवर आणूच नकोस — त्यातलं औषध आणि त्याचं प्रमाण दोन्ही जनावराच्या हिशेबाचं असतं, आणि संध्याकाळच्या अंधारात बाटली बाटलीसारखीच दिसते.

आता प्रत्यक्ष द्यायचं कसं. यात मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मोठ्यात मोठा धोका जंतांपासून नसतो, आपल्याच घाईपासून असतो.

८. तीन वर्षांच्या आतल्या लेकराला सबंध गोळी कधीच नको. दोन चमच्यांमध्ये दाबून तिची पूड कर, थोड्या पाण्यात कालव आणि बाळाला बसवून थोडं थोडं पाज — आडवं निजवून पाजलं की ठसका लागतो.

९. रडत्या लेकराचं नाक दाबून तोंडात औषध ओतायचं नाही, घरात कितीही म्हातारी माणसं तसं सांगोत. रडताना पोर श्वास आत ओढतं, आणि औषध अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातं. आज नाही घेतलं तर उद्या दे — जंत एक दिवस थांबतील, श्वास थांबत नाही.

१०. थोरलीला गोळी चावून खायला सांग, वर पाणी दे, आणि तोंड उघडून दाखवायला लाव — ही पोरं गालात गोळी धरून खिडकीतून टाकतात. तुझी आईही त्यात पटाईत होती.

११. उपास नको, एरंडेल नको, जुलाबही नको. आमच्या लहानपणी जंताच्या औषधामागून एरंडेल ठरलेलं असे, कारण तेव्हाच्या औषधांनी गुंगलेले जंत बाहेर ढकलावे लागत. हे औषध जंताला साखर शोषूच देत नाही, तो उपाशी मरतो — वरून जुलाब दिला तर लेकराच्या अंगातलं पाणी तेवढं जातं.

१२. ताप, जुलाब, खोकला असेल त्या दिवशी देऊ नकोस — नंतर उलटी झाली तर ती दुखण्याची की गोळीची, हे तुलाही कळत नाही आणि डॉक्टरांनाही.

१३. वावडिंग उकळून देतेस तर दे चिमूटभर, मीही देत असे. पण वावडिंग दिलं म्हणून गोळी टाळू नकोस — कढईभर श्रद्धेपेक्षा मोजून घेतलेली गोळी बरी.

१४. दिली की भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लेकराचं नाव लिही. शाळेत फेब्रुवारीत आणि बऱ्याच ठिकाणी ऑगस्टमध्येही गोळी देतात. तू घरी द्यायचीस, शाळेत बाई द्यायच्या, आणि आजी दर महिन्याला 'पोट साफ व्हावं' म्हणून द्यायची. भिंतीवर तारीख, तर घरात एकवाक्यता — जंत मातीतून पुन्हा येतात म्हणून औषध सहा महिन्यांनी, दर महिन्याला नाही.

१५. शाळेची गोळी शाळेतच, बाईंसमोर खायची; दप्तरातून घरी आली तर तू विचार. त्या दिवशी लेकरू आजारी पडलं तरी हळहळ नको — राहिलेल्यांसाठी थोड्या दिवसांनी पुन्हा एक दिवस ठेवलेला असतो.

१६. आपल्या विदर्भात काही भागांत हत्तीपायाच्या गोळ्या वाटायला घरी येतात, त्यांतही आल्बेंडाझोल असतं. त्या घेतल्या असतील तर ते सांगूनच पुढची गोळी घे — एकच औषध दोन दारांनी घरात येतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

काही माणसांच्या बाबतीत मात्र मेडिकलपर्यंतही जाऊ नकोस, आधी दवाखान्यात जा.

१७. तुझ्या जावेची पाळी चुकली असेल तर तिनं ही गोळी आपल्या मनानं घेऊ नये. गरोदरपणात पहिले तीन महिने ती देत नाहीत. पुढच्या महिन्यांत नर्सबाई स्वतः रक्तवाढीच्या गोळ्यांबरोबर एक मात्रा देतात — पोटातल्या बाळाचे अवयव घडतात ते त्या पहिल्या महिन्यांत.

१८. आता हे नीट ऐक, कारण हे फारसं कुणी सांगत नाही. घरात कुणाला फिट येत असेल, मिरगी म्हण, किंवा डोकं सतत ठणकून उलट्या होत असतील, तर त्याला जंताची गोळी दुकानातून आणून द्यायची नाही. डुकराच्या पट्टकृमीची अंडी न धुतलेल्या भाजीवरून पोटात जातात आणि त्यातून निघालेली पिलं मेंदूत घर करून बसतात. मांसाला कधी हात न लावणाऱ्यालाही हे होतं, कारण अंडी येतात ती कुण्या माणसाच्या विष्ठेतून. औषधानं ती पिलं मरायला लागली की त्यांच्याभोवती मेंदूला सूज येते आणि फिट वाढू शकते. त्या आजारालाही आल्बेंडाझोलच देतात, पण डोक्याचा फोटो काढून, सूज उतरवणाऱ्या औषधाच्या सोबतीनं, डॉक्टरांच्या नजरेखाली — तिथं आपली हुशारी चालत नाही.

१९. फिटच्या गोळ्या, काविळीचा किंवा यकृताचा जुना त्रास, आधी याच गोळीनं अंगावर उठलेल्या गांधी, हे सगळं डॉक्टरांना आपणहून सांग — फिटच्या काही गोळ्यांनी या औषधाचा जोर कमी होतो, आणि यकृतातूनच ते अंगात वापरलं जातं.

गोळी घेतल्यावर काय होईल या काळजीनं रात्र जागून काढू नकोस.

२०. पोटात जंत खूप असतील तर थोडी मळमळ, पोटदुखी, एखादी उलटी किंवा पातळ शौच होऊ शकते. सावलीत निजव, पाणी पाजत राहा — जंत मरताना होणारा हा त्रास बहुतेक काही तासांत निवतो.

२१. शौचात काहीच दिसलं नाही म्हणून दुसरी गोळी देऊ नकोस — मेलेले जंत बरेचदा आतच विरघळून जातात. उलट गांडुळाएवढा जंत पडला तर किंचाळू नकोस; लेकरू तुझ्या तोंडाकडे बघत असतं.

२२. पोट फुगून टणक झालं, हिरवी उलटी झाली, शौच आणि वारा दोन्ही बंद झाले, तर औषध देत बसायचं नाही, १०८ ला फोन करून सरळ दवाखाना गाठ — खूप जंतांचा गोळा आतड्यात अडकला असेल तर ते काम डॉक्टरांचं. श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या किंवा झटके आले तरी हेच.

२३. लेकरू रात्री दात खातं किंवा गूळ मागतं म्हणून जंत झाले असं धरू नकोस — गोडानं जंत होत नाहीत, पोटात अंडी गेल्यानं होतात. मात्र ते माती खात असेल तर रक्त तपासून घे. अंगात लोह कमी झालं की पुष्कळ पोरं माती चाटतात.

२४. शौचात पांढरे चपटे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी. एका डबीत तुकडा घेऊन दवाखान्यात दाखव — त्याचं औषध वेगळं असू शकतं.

२५. रात्री शी-च्या जागी खाज येऊन लेकरू उठत असेल, आणि बॅटरी लावून पाहिलंस की पेराएवढेही नसलेले बारीक पांढरे जंत दिसले, तर नुसत्या लेकराला औषध देऊन भागत नाही. डॉक्टरांना विचारून सगळ्या घरानं एकाच दिवशी घ्यायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा — गोळीनं जंत मरतात, त्यांची अंडी मरत नाहीत. एकानं घ्यावी, चौघांनी पाहावी, मग खाज कशी जावी?

२६. त्या दिवसांत लेकराची शी-ची जागा रोज सकाळी धुऊन चड्डी बदल, चादरी गरम पाण्यात धू आणि उन्हात घाल, पण घरात झटकू नकोस — अंडी इतकी बारीक की हवेत उडून दुसऱ्याच्या ताटात बसतात.

एवढं करून औषध लागू पडलं, तरी अंगणातली माती तीच राहते. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, आणि ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून थोडं घराबाहेरचंही सांगते.

२७. नखं दर रविवारी काप, आणि जेवणाआधी व संडासनंतर साबणानं हात चोळून धू — सॅनिटायझरनं जंतांची अंडी मरत नाहीत, त्यांना पाण्यानं वाहूनच जावं लागतं. ज्याच्या नखात माती, त्याच्या पोटात भरती.

२८. सांबार, पालक, मेथी आधी निवड आणि मग दोन-तीन पाण्यांनी धू. काकडी-गाजर सोलून दे — मुळाशी चिकटलेली मातीच सगळ्यात धोक्याची, आणि कोशिंबीर शिजत नाही.

२९. अंगणात, वाडीत लेकरांच्या पायात चप्पल असू दे — अंकुशकृमीची पिलं ओल्या मातीतून उघड्या पायाच्या कातडीत शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. रोवणीला बांधीत टोंगळाभर चिखल असतो, तिथं चप्पल टिकत नाही हे मला कळतं. म्हणूनच बांधाआड बसायला कुणी जाऊ नये यासाठी भांडलीस तरी चालेल.

३०. थोरली पुढे मोठी झाल्यावर शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळेल, आता गुलाबी मिळते. ती आणि जंताची गोळी दोन्ही घेऊ दे — जंत रक्त पीत राहिले तर नुसत्या लोहानं ते भरून येत नाही. आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको.

३१. धाकट्याची शी उकिरड्यावर किंवा परसात टाकायची नाही, संडासातच ओतायची, आणि मग आपले हात धुवायचे. लहान बाळाची शी निर्मळ असते असं बायका म्हणतात, पण दीड वर्षाचं रांगतं-चालतं पोर दिवसभर मातीत असतं आणि त्याच्या पोटातही जंत असतात — ती परसातली शी पावसानं तुझ्याच पालकाच्या वाफ्यात येते. यावरून सासूबाई ऐकत नसतील तर मला फोन लाव, मी बोलते त्यांच्याशी.